ओड्सलच्या खड्ड्यापासून वेम्बलीपर्यंत

सोमवार, २ जून २०२५ : हडर्सफील्ड

हडर्सफील्डच्या स्टेशनाचे दगडी खांब ओलांडून बाहेर आलं की समोरच सेंट जॉर्ज चौक लागतो. मधोमध याच गावात जन्मलेल्या पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांचा पुतळा आहे आणि बाजूला जॉर्ज हॉटेलची इमारत. मी आलो होतो ती या हॉटेलसाठी. ते २०१३ मध्ये बंद पडलं, पुढे नगरपालिकेने विकत घेतलं आणि आता तिथे दुरुस्तीचं मोठं काम चालू आहे. आत जायची सोय नव्हती, म्हणून मी समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभा राहिलो.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी याच हॉटेलात यॉर्कशायर आणि लँकेशायरमधल्या रग्बी क्लबांचे प्रतिनिधी बसले आणि इंग्लंडच्या रग्बी युनियनमधून बाहेर पडले. कारण पैशाचं होतं, पण हावरटपणाचं नव्हतं. उत्तरेचे खेळाडू गिरणीत, खाणीत, गोदीत कामाला असत. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. दूरच्या गावी सामना असला की तो अर्धा दिवस बुडायचा आणि त्याबरोबर मजुरीही जायची. ती बुडालेली मजुरी क्लबांनी भरून द्यावी, एवढीच मागणी होती. लंडनमध्ये बसलेल्या मंडळींनी १८९३ मध्ये ती फेटाळली. खेळासाठी पैसे घेणं त्यांना कमीपणाचं वाटे; घरी इस्टेट असणाऱ्यांना पैसे न घेणं परवडतही होतं. उत्तरेच्या क्लबांनी मग स्वतःची नॉर्दर्न युनियन काढली आणि बुडालेल्या दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग द्यायचे असं ठरवलं. पुढे नियम बदलत गेले, खेळाडू पंधराचे तेरा झाले, आणि १९२२ मध्ये संस्थेला रग्बी फुटबॉल लीग हे नाव मिळालं. तेरा जणांच्या या खेळालाच रग्बी लीग म्हणतात.

फुटीनंतर दोनच वर्षांत त्यांनी चॅलेंज कप सुरू केला. हरला तो बाहेर, अशा पद्धतीने चालणारी स्पर्धा. चषक ब्रॅडफर्डच्या फॅटोरिनी या सराफांनी ६० पौंडांत घडवला. पहिली फायनल २४ एप्रिल १८९७ रोजी लीड्सच्या हेडिंग्लेवर झाली आणि बॅटलीने सेंट हेलेन्सला १०–३ असं हरवलं. बॅटली हे घोंगड्या-चिंध्यांपासून पुन्हा कापड विणणाऱ्या गिरण्यांचं छोटं गाव. या स्पर्धेचा पहिला चषक अशा गावाकडे गेला, याचा मला फार आनंद वाटतो.

मला मात्र या स्पर्धेचा एकच हंगाम धरून फिरायचं होतं : १९५३–५४. हॅलिफॅक्स आणि वॉरिंग्टन या दोन गावांनी त्या वसंतात जे केलं, ते ज्या जागांवर घडलं त्या पाहायच्या, आणि शनिवारी वेम्बलीवर यंदाची फायनल बघायची. माझा भाचा लीड्समध्ये नोकरी करतो. मुक्काम त्याच्याकडेच. "मामा, लोक इकडे लेक डिस्ट्रिक्ट बघायला येतात," असं म्हणून त्याने मला चहा दिला आणि बुधवारची संध्याकाळ माझ्यासाठी मोकळी ठेवली.

मंगळवार : हॅलिफॅक्स

हॅलिफॅक्स दरीत आहे आणि दरीच्या उतारावरही आहे. स्टेशनाजवळ पीस हॉल हा १७७९ चा प्रचंड कापड बाजार आहे. चौकोनी अंगण, भोवती दगडी सज्जे आणि त्यांत ३१५ खोल्या. हातमागावर विणलेला तागा घेऊन विणकर इथे विकायला बसत. आता तिथे दुकानं आणि कॉफीची टेबलं आहेत. इतकी सुंदर जागा मी या भागात दुसरी पाहिली नाही, पण तिच्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. मला चढावर जायचं होतं.

गिबेट स्ट्रीटने वर चालत गेलो. हा सगळा भाग आता पाकिस्तानी आणि काश्मिरी कुटुंबांचा. मिठाईची दुकानं, कापडाची दुकानं, शाळेतून घरी निघालेली पोरं. एका दुकानात हिंदीत रस्ता विचारला आणि उर्दूत उत्तर मिळालं : "थ्रम हॉल? वो तो अब आज़दा है।" आज़दा म्हणजे अ‍ॅस्डा हे सुपरमार्केट. हॅलिफॅक्सचं मैदान शंभराहून अधिक वर्षं या टेकाडावर होतं. वारा सतत, आणि मैदानाला चक्क उतार. पाहुणा संघ आधी त्या उताराशी झुंजायचा. १९९८ मध्ये क्लब खाली शे नावाच्या मैदानात गेला आणि इथे दुकान उभं राहिलं.

गाड्या लावायच्या जागेत उभं राहून मी वारा तेवढा ओळखला. १९५४ च्या वसंतात या टेकाडावर राहणाऱ्यांना आपला संघ अजिंक्य वाटत असणार. हॅलिफॅक्स त्या वर्षी लीगच्या तक्त्यात सर्वांत वर होता आणि त्याचे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले दांडगे खेळाडू, भिंतीसारखे खेळत. तेव्हाचा नियम लक्षात घेतल्याशिवाय तो हंगाम कळत नाही. आज संघाला सहा टॅकल मिळतात. सहाव्यांदा अडवलं की चेंडू समोरच्याकडे. १९६६ पूर्वी अशी मर्यादाच नव्हती. चेंडू हातात आला की तो सांभाळून, पडत, उठत, पायाने मागे सारत कितीही वेळ पुढे सरकता येई. दमदार फॉरवर्ड असलेला संघ अर्धा सामना चेंडूच देत नसे. म्हणून त्या काळचे आकडे आज फार छोटे दिसतात. समोरच्याच्या रेषेपार चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो. तेव्हा ट्रायला तीन गुण होते, आता चार आहेत.

२४ एप्रिल १९५४, शनिवार. वेम्बलीवर ८१,८४१ लोक. हॅलिफॅक्स ४, वॉरिंग्टन ४. एकही ट्राय नाही. दोन्हीकडून फक्त दोन-दोन गोल, म्हणजे लाथेने खांबांच्या मधून मारलेले चेंडू, प्रत्येकी दोन गुणांचे. ऐंशी हजार माणसं रेल्वेने, बसने लंडनला गेली आणि निकाल न घेताच परतली. रीप्ले ठरला ५ मे रोजी, बुधवारी संध्याकाळी, ब्रॅडफर्डच्या ओड्सलवर. हॅलिफॅक्सपासून ओड्सल दहा-बारा किलोमीटर. वॉरिंग्टनहून यायचं तर पेनाइन्सचे डोंगर ओलांडून यावं लागे, आणि एम ६२ हा मोठा रस्ता तेव्हा नव्हता.

बुधवार : ओड्सल

रीप्लेही बुधवारी होता, म्हणून मी हा दिवस राखून ठेवला होता. भाचा कामावरून थेट हॅलिफॅक्सला आला आणि आम्ही तिथूनच ब्रॅडफर्डची बस धरली. नॉर्थआउरम, शेल्फ अशी टेकडीवरची गावं मागे पडतात. दगडी भिंतींची कुरणं, मेंढ्या, मग पुन्हा घरं. हा तोच रस्ता. ५ मेच्या दुपारी यावर काय झालं असेल, याचा विचार करत मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. बस ओड्सलच्या मोठ्या चौकात थांबते आणि स्टेडियम कुठे दिसतच नाही. दिसणार कसं? ते जमिनीच्या खाली आहे.

ओड्सल म्हणजे टेकडीतला एक अजस्र खड्डा. जुन्या खाणीच्या या जागेवर १९३० च्या दशकात ब्रॅडफर्डच्या सफाई खात्याने शहराचा कचरा शिस्तीत थर देऊन ओतला आणि कडेचे उतार घडवले. त्या उतारांवर पायऱ्या बसवल्या आणि १९३४ मध्ये ब्रॅडफर्ड नॉर्दर्न हा क्लब इथे खेळू लागला. गावाने टाकलेल्या राखेवर आणि कचऱ्यावर गावाचं क्रीडांगण उभं राहिलं. खेळाडूंच्या खोल्या वर होत्या. सामना असला की ते प्रेक्षकांच्या मधून लांबलचक पायऱ्या उतरत खाली मैदानात जायचे आणि हरले तर त्याच पायऱ्या त्याच लोकांमधून चढायचे.

फाटकाशी काम करणाऱ्या एका माणसाला आम्ही कुठून आलो ते सांगितलं. त्याने पाच मिनिटं दिली आणि मग स्वतःच अर्धा तास बोलत राहिला. कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा त्या आकड्याचा अर्थ कळला. १,०२,५६९. त्या संध्याकाळी तिकीट काढून आत आलेल्यांची ही अधिकृत मोजणी. त्याखेरीज कुंपण मोडून, भिंतीवरून चढून किती आले ते कुणीच मोजलं नाही. संयोजकांनी एवढी अपेक्षा केलीच नव्हती. शनिवारची सुट्टी नाही, कामाचा दिवस; दिवसपाळी संपवून माणसं डबा आणि टोपी घेऊन सरळ निघाली. रस्ते तुंबले. बसगाड्या मैलोन् मैल अडकल्या आणि लोक त्यांतून उतरून चालू लागले. कित्येक जण मध्यंतरानंतर पोचले, कित्येक पोचलेच नाहीत. जे पोचले त्यांच्यातल्या मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसल्या. रग्बी लीगच्या सामन्याला एवढी गर्दी जगात कुठेच झाली नव्हती, आणि हा विक्रम १९९९ मध्ये सिडनीत मोडेपर्यंत टिकला.

एवढ्या दाटीत चेंगराचेंगरी होऊन अनर्थ घडला नाही, याचं आज मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं. भाचा म्हणाला, "मामा, इथे लाख माणसं मावतील असं वाटत नाही." खरंच वाटत नाही. आता परवानगी त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास आहे. पण उतार बघत राहिलं की पटतं. वाडग्याच्या कडा वर वर जात राहतात.

सामना वॉरिंग्टनने ८–४ जिंकला. जिम चॅलिनरने एक ट्राय केला आणि दुसरा जेरी हेल्मने. गोल हॅरी बाथचा. हॅलिफॅक्सचे चारही गुण पुन्हा गोलांचेच. शेवटाकडे त्यांच्या एका विंगरने, म्हणजे कडेला खेळणाऱ्या गड्याने, रेषेपार चेंडू टेकवला असं हॅलिफॅक्सचे लोक आजही सांगतात. रेफरीने तो ट्राय दिला नाही. दोन सामन्यांत, एकशेसाठ मिनिटांत त्यांना एकही ट्राय मिळाला नाही. हेल्मला सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचा लान्स टॉड चषक मिळाला. १९५० मध्ये तो त्याने आधी एकदा जिंकला होता. दोनदा जिंकणारा तो पहिला खेळाडू.

दुसऱ्याच दिवशी, ६ मे रोजी, ऑक्सफर्डच्या धावपट्टीवर रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत मैल धावून दाखवला आणि त्या आठवड्याची इतिहासातली जागा त्याने घेतली. इंग्लंडमध्ये कुणालाही विचारा, बॅनिस्टर माहीत असतो. ओड्सल उत्तरेबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. बॅनिस्टरचा मान कमी करायचा नाही मला. पण पाळी संपवून लाखभर कामगार एका खड्ड्याभोवती जमले, मांस अजून रेशनवर मिळत होतं त्या काळात, तर तीही गोष्ट देशाच्या शाळेत शिकवण्याजोगी आहे असं मला मनापासून वाटतं.

परतताना ब्रॅडफर्डच्या मध्यभागी उतरलो. यंदा हे शहर ब्रिटनची सांस्कृतिक राजधानी आहे, जागोजागी फलक आहेत. आम्ही एका पंजाबी खानावळीत जेवलो.

गुरुवार : वॉरिंग्टन

मर्सी नदीकाठचं वॉरिंग्टन लोखंडी तारा ओढणाऱ्या कारखान्यांचं गाव होतं. म्हणून संघाला अजून सगळे 'वायर' म्हणतात. जुनं विल्डरस्पूल मैदान २००३ मध्ये सुटलं. नवं हॅलिवेल जोन्स स्टेडियम स्वच्छ, सुटसुटीत आहे, पण माझं लक्ष बाहेरच्या पुतळ्याकडे होतं : ब्रायन बेव्हन.

बेव्हन ऑस्ट्रेलियाचा. युद्धकाळात नौदलाच्या जहाजावर स्टोकर म्हणून इंग्लंडला पोचला. अंगाने काडी, डोक्यावर केस नाहीत, तोंडात दात नाहीत, गुडघ्यांना पट्ट्या. पाहून कुणी खेळाडू म्हटलं नसतं. या माणसाने कारकिर्दीत ७९६ ट्राय केले, त्यांतले ७४० वॉरिंग्टनसाठी. हा विक्रम कुणी मोडलेला नाही आणि मला वाटतं मोडणारही नाही. आणि नवल असं की १९५४ च्या फायनलमध्ये आणि रीप्लेमध्ये त्याच्या नावावर एकही ट्राय नाही. हॅलिफॅक्सने त्याला बांधून ठेवलं, आणि त्यातून इतरांना वाट मिळाली.

पुतळ्याजवळच्या बाकावर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या, गळ्यात निळा-पिवळा मफलर, जून असूनही. शनिवारी वेम्बलीला जाणार होत्या. मी ओड्सलहून आलो म्हटल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. त्यांचे वडील तारेच्या कारखान्यात होते. त्या बुधवारी दुपारी ते मित्रांबरोबर बसने निघाले, डोंगरापलीकडे बस अडकली, शेवटचे काही मैल चालले आणि दुसऱ्या हाफमध्ये आत शिरले. ट्राय दोन्ही हुकले. रात्री घरी पोचायला पहाट झाली आणि सकाळी ते पाळीवर हजर. "पण जन्मभर सांगायचे, मी ओड्सलला होतो," असं त्या म्हणाल्या, आणि मग मला विचारलं की भारतात कुठला खेळ खेळतात. मी क्रिकेट न सांगता कबड्डी सांगितलं. कंबर धरून, पाय धरून गडी खाली आणणं, श्वासावर हिशेब. बाईंना लगेच समजलं. कबड्डी बघत वाढलेल्या माणसाला टॅकल समजावून सांगावं लागत नाही, हे मलाही या आठवड्यात जाणवलं होतं.

रीप्लेनंतर तीन दिवसांनी, ८ मे १९५४ रोजी, हेच दोन संघ मँचेस्टरच्या मेन रोड या स्टेडियमवर लीगच्या विजेतेपदासाठी पुन्हा भिडले. वॉरिंग्टन ८, हॅलिफॅक्स ७. पंधरा दिवसांत तीन सामने, आणि एकूण फरक पाच गुणांचा. हॅलिफॅक्सच्या वाट्याला काहीच आलं नाही. वॉरिंग्टनने पुढच्या वर्षीही लीग जिंकली, पण १९५५ नंतर ते विजेतेपद या गावाला पुन्हा मिळालेलं नाही. चॅलेंज कप मात्र अधूनमधून येतो, शेवटचा २०१९ मध्ये. म्हणून कपचा दिवस इथे एवढा मोठा असतो.

शुक्रवार

भाच्याबरोबर लीड्स ते लंडन रेल्वे. डब्यात हल शहरातल्या हल केआर (किंग्स्टन रोव्हर्स) या वॉरिंग्टनसमोरच्या संघाच्या लाल-पांढऱ्या जर्सीतली एक अख्खी फौज होती, आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत. संध्याकाळी डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूत जाऊन आलो. १९३२ मध्ये स्थापन झालेलं हे मंडळ वेम्बली पार्कपासून जुबिली लाइनवर अगदी जवळ आहे. तिथल्या एका काकांना वेम्बलीवर रग्बी लीगची फायनल १९२९ पासून होते हे ठाऊक नव्हतं. मी त्यांना ओड्सलची सगळी गोष्ट सांगितली आणि त्यांनी ती नीट ऐकून घेतली.

शनिवार, ७ जून : वेम्बली

सकाळी स्टेडियमबाहेर पाच रग्बी लीग खेळाडूंच्या पुतळ्याशी गर्दी होती. बिली बॉस्टन, मार्टिन ऑफाया, अ‍ॅलेक्स मर्फी, एरिक अ‍ॅश्टन, गस रिझमन. उत्तरेचा खेळ लंडनमध्ये असा दगड रोवून उभा आहे, ते पाहून बरं वाटलं. महिलांच्या फायनलमध्ये विगनने सेंट हेलेन्सचा ४२–६ असा पार धुव्वा उडवला. मग मुख्य सामना : हल केआर विरुद्ध वॉरिंग्टन. मैदानात ६३,२७८ माणसं.

हलच्या लोकांकडे पाहूनच काळजी वाटत होती. १९८५ पासून त्यांनी एकही मोठी स्पर्धा जिंकली नव्हती. चॅलेंज कप तर १९८० मध्ये एकदाच. चाळीस वर्षं! डब्यात भेटलेल्या त्या आजोबांच्या मुलाने क्लबला जिंकताना पाहिलेलंच नव्हतं.

सामना अंगावर येणारा झाला, पण गुण निघेनात. १९५४ च्या चाली बदलल्या, नियम बदलले, तरी कप फायनलची भीती खेळाडूंच्या पायांत तशीच उतरते. वॉरिंग्टनचा जोश थ्यूलिस रेषेपार गेला, मार्क स्नीडने गोल मारला. हलकडे फक्त एका पेनल्टीचे दोन गुण. ६–२. स्नीडच्या लाथांनी हलचा संघ पुन्हा पुन्हा स्वतःच्या रेषेजवळ कोंडला जात होता. मी पंच्याहत्तराव्या मिनिटाला वॉरिंग्टनच्या त्या मफलरवाल्या बाईंसाठी मनात आनंद मानून घेतला होता.

अगदी शेवटच्या मिनिटांत हलकडून एक जमिनीलगतची लाथ रेषेपलीकडे गेली. वॉरिंग्टनच्या हातातून चेंडू निसटला आणि टॉम डेव्हिसने त्यावर झेप घेतली. ६–६. आता मिकी लुइसला कडेच्या रेषेजवळून गोल मारायचा होता. हा हलचाच पोरगा, तिथेच वाढलेला. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस मैदानाकडे पाठ करून उभा राहिला, त्याला बघवेना. चेंडू खांबांच्या मधून गेला. ८–६. त्या माणसाला बायकोने खांदे धरून वळवलं.

लान्स टॉड चषक हरलेल्या संघाच्या स्नीडला मिळाला. तिसऱ्यांदा; याआधी तो तीनदा फक्त शॉन लाँगला मिळाला होता. जेरी हेल्मने वॉरिंग्टनच्याच जर्सीत दोनदाचा मान पहिल्यांदा मिळवला होता. स्नीडच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, आणि तो नसणंच योग्य होतं. निकाल थोडा उलटा लागला असता तर त्याच्या खेळाची वर्षानुवर्षं वाखाणणी झाली असती. तो त्या योग्यतेचा खेळला.

यानंतर १८९५ कपची फायनल झाली. स्पर्धेच्या नावातच ते हडर्सफील्डचं साल आहे आणि ती खालच्या फळीतल्या क्लबांसाठी आहे. यॉर्कने फेदरस्टोनला एका गुणाने हरवलं. निम्मं स्टेडियम तोवर रिकामं झालं होतं, तरी आम्ही शेवटपर्यंत बसलो. खाणकामगारांच्या फेदरस्टोनहून एवढ्या लांब आलेल्या माणसांसमोर रिकाम्या खुर्च्या असाव्यात हे मला पटत नाही.

बाहेर वेम्बली वेवर हलवाले नाचत होते. भाच्याने गाडीतल्या त्या आजोबांना गर्दीत हुडकून काढलं आणि मिठी मारली. १९८० ची फायनल हलच्याच दोन क्लबांमध्ये होती. तेव्हा गाव सोडताना रस्त्याकडेला कुणीतरी पाटी लावली होती की शेवटी जाणाऱ्याने दिवे बंद करावेत. ती गोष्ट आजोबांनी आम्हाला हातवारे करून सांगितली, नदीच्या पूर्वेला केआर आणि पश्चिमेला एफसी, मधल्या पुलांवर काय काय होतं तेही सांगितलं, आणि घरी या म्हणून बजावलं. भाचा लगेच फोनवर हलच्या गाड्या बघायला लागला.